बॅटरी नवी, तरी सेल्फ का घेत नाही?

प्रश्न (एक वाचक, सांगली): सहा महिन्यांपूर्वी 2011 सालची सेकंडहँड पेट्रोल गाडी घेतली. सकाळी चावी फिरवली की नुसता ‘टक’ आवाज येतो. चार-पाचदा चावी मारल्यावर सुरू होते. बॅटरी नवी टाकली, तरी फरक नाही. आता सेल्फ मोटर बदला म्हणतात. बदलू का?

उत्तर: इतक्यात बदलू नका, आधी मोजा. न मोजता बदललेली बॅटरी हा तुमचा एक खर्च वाया गेलाच आहे. ‘टकटकटक’ असा सलग आवाज बहुधा कमजोर बॅटरीचा. एकच ठसठशीत ‘टक’ म्हणजे सोलेनॉइड (सेल्फला वीज जोडणारा स्विच) ओढला गेला, पण मोटर फिरली नाही.

हेडलाइट लावून चावी फिरवा. उजेड एकदम बसला तर बॅटरी उतरलेली, तिची जोडणी खराब किंवा सेल्फ आत अडकलेला. उजेड तसाच राहिला तर सोलेनॉइडचे आतले संपर्क जळालेले किंवा कार्बन (मोटरला आत वीज पोचवणारे ब्रश) झिजलेले असू शकतात. मात्र इंजिनाची अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हशी असलेली जोडणी) खराब असली तरीही उजेड कमी होत नाही, कारण हेडलाइटची अर्थिंग बॉडीवर असते. इथेच चांगली सेल्फ मोटर विनाकारण उतरवली जाते.

म्हणून साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.4 ते 12.6 व्होल्ट हवेत. मग गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर आणि इंजिन सुरू होऊ नये म्हणून टाकीतल्या पेट्रोल पंपाचा रिले (पंपाला वीज देणारा स्विच) काढलेला. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर टेकवा. क्लॅम्पवर (वायरीच्या पकडीवर) नको, थेट शिशाच्या खुंटावर. लाल पिन इंजिनाच्या उघड्या धातूवर. दुसऱ्याला तीन-चार सेकंद चावी धरायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा, 0.2 असेल तर उत्तम. दोनतीन व्होल्ट दिसले तर दोष अर्थिंगचा आहे. ‘टक’ होतो त्याच वेळी मोजा. गाडी नीट फिरत असताना घेतलेला आकडा फसवतो.

दोष सापडला तर क्लॅम्प काढून आतून पाहा. वरून स्वच्छ दिसणाऱ्या क्लॅम्पच्या आत पांढरी-हिरवट पूड आणि खुंटावर काळसर थर असतो. 10 नंबरचा पाना घ्या, निगेटिव्ह आधी काढा, बसवताना शेवटी बसवा. कपभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून पुसा, वाळवा, पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावा. गिअरबॉक्सवरून चासीला जाणारी अर्थ पट्टीही सोडून बघा. बोल्टखाली रंग किंवा गंज असेल तर धातू उघडा पडेपर्यंत घासा.

हीच मोजणी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटापासून सेल्फच्या जाड वायरीच्या बोल्टपर्यंत करा. तिथेही अर्धा व्होल्ट ही मर्यादा. दोन्ही जोडण्या ठीक निघाल्या आणि ‘टक’ होताना बॅटरी 12 च्या वरच राहिली, तर मात्र सेल्फ उतरवा. तेव्हाही ऑटो इलेक्ट्रिशियनकडून आधी कार्बन आणि सोलेनॉइड तपासून घ्या. बहुतेक वेळा तेवढंच बदलून भागतं.

प्रश्न (एक वाचक, नाशिक): सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते. लांबून येऊन दहा मिनिटं थांबलो की सेल्फ नीट फिरतो, पण इंजिन लागत नाही. अर्ध्या तासाने आपोआप लागतं.

उत्तर: पहिला संशय क्रँक सेन्सरवर. तापला की त्याच्या आतली जोडणी तुटते आणि ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) इंजिन फिरतंय हेच कळत नाही, मग स्पार्कही नाही आणि पेट्रोलही नाही. गाडी अडली असतानाच स्कॅनर (या संगणकातली माहिती वाचणारं यंत्र) लावा. सेल्फ फिरताना आरपीएम शून्य दिसला तर सेन्सर किंवा त्याची वायर. आरपीएम येत असेल तर चावी ‘ऑन’ करून मागच्या सीटखाली कान द्या. पंपाची दोनेक सेकंदांची घूं ऐकू यायला हवी. ती नसेल तर फ्यूज, रिले, मग पंप, या क्रमाने जा.

प्रश्न (एक वाचक, पुणे): सीएनजी किट असलेली गाडी सकाळी सुरूच होत नाही. पेट्रोल जवळपास भरतच नाही.

उत्तर: दुखणं तिथेच असण्याची शक्यता मोठी. सिक्वेन्शियल किटची (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस देणाऱ्या किटची) गाडी बहुधा पेट्रोलवर सुरू होते आणि गरम झाल्यावर गॅसवर जाते. टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. टाकी कोरडी ठेवली तर तो जळू शकतो. पाव टाकी पेट्रोल कायम ठेवा आणि आठवड्यातून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा.