पोर्च खचलंय : उचलून घ्यावं की फोडावं?

प्रश्न : आमचं घर परभणीत, काळ्या जमिनीवर आहे. बांधून १२ वर्षं झाली. समोरच्या पोर्चचं काँक्रीट (१२ फूट बाय १८ फूट) घराच्या भिंतीकडून दोन इंच खाली बसलंय. पावसाचं पाणी जोत्याला लागून साचतं. एक कंत्राटदार म्हणतो, भोकं पाडून खालून फोम भरतो, एका दिवसात लेव्हलला येईल. आमचे गवंडी म्हणतात, फोडून नवीन करा. कुणाचं ऐकावं?
– एक वाचक, परभणी

उत्तर : दोघांपैकी कुणी तुम्हाला ‘हे बसलंच का?’ असं विचारलं का? ज्यानं विचारलं असेल, त्याच्याशी पुढचं बोला. कारण न शोधता उचललेलं काँक्रीट पुन्हा बसतं, आणि फोडून नवं केलेलंही बसतं.

तुमच्या पोर्चनं घराच्याच बाजूनं मान टाकली आहे, यावरून मला दाट शंका येते ती पायाच्या चराची. पाया खोदताना निघालेली काळी माती बरेचदा त्याच चरात परत लोटतात आणि वर काँक्रीट ओततात. खरं तर तिथे मुरूम हवा. तोही सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून, धुम्मस करून, म्हणजे ठोकून घट्ट दाबून. तसं झालं नसेल, तर ती भरणी दर पावसाळ्यात थोडी थोडी दबत राहते. त्यात काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते.

मग पाणी पाहा. गच्चीचा पाईप पोर्चच्या कोपऱ्यात सुटतो का? जवळचा चेंबर किंवा पाण्याचा हौद गळतो का? आणि घुशी! जोत्यालगत उकरलेली माती दिसली, तर खाली बिळं असणार. मराठवाड्यात अख्ख्या ओसरीखालची भरणी घुशींनी पोकळ केलेली मी पाहिली आहे. हे सगळं बंद केल्याशिवाय एकही भोक पाडू देऊ नका.

आणखी एक तपासणी सर्वांत महत्त्वाची. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघाल्या असतील, दारं अडकू लागली असतील, तर प्रश्न पोर्चचा नाही, घराच्या पायाचा आहे. तेव्हा कंत्राटदार नको, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. आजच.

फक्त पोर्चच बसलंय असं ठरलं, तर पहारीच्या टोकानं काँक्रीट ठोकत फिरा. पोकळ आवाज येईल तिथे खडूनं खुणा करा. काँक्रीट अखंड असेल किंवा दोन-तीन मोठ्या तुकड्यांत असेल, तर ते उचलता येतं. बारीक तुकडे झाले असतील, तर गवंड्यांचं बरोबर आहे. फोडा.

उचलायच्या पद्धती दोन. एकीत दीड-दोन इंचांची भोकं पाडून सिमेंट आणि बारीक मातीचा पातळ गारा दाबानं भरतात. तो स्वस्त, पण जड असतो, आणि मऊ भरणीवर तेवढा भार वाढतो. दुसरा पॉलियुरेथेनचा फोम. त्याची भोकं बोटाएवढी, वजन अगदी कमी, काही मिनिटांत फुगून घट्ट होतो. काळ्या मातीवर मला फोम जास्त पटतो. पण त्याचं यंत्र मोठ्या शहरातून येणार, आणि एका पोर्चसाठी त्याच्या येण्याजाण्याचाच खर्च भारी पडतो. तुमच्या पोर्चला चार इंच जाडीनं सुमारे २ घनमीटर काँक्रीट लागेल, म्हणजे १६ गोणी सिमेंटच्या आसपास. त्यात फोडकाम, राडारोडा आणि मुरमाची भरणी धरून गवंड्यांकडून आकडा घ्या आणि दोन्ही दर शेजारी ठेवा. आतल्या खोलीचा, फरशी बसवलेला भाग असता, तर मी डोळे झाकून उचलायला सांगितलं असतं. उघड्या पोर्चला तसं सांगणार नाही.

फोमचा माणूस किलोवर दर लावत असेल, तर अंदाजे किती किलो लागेल ते आधी लिहून घ्या. हिशेब तुम्हीही करू शकता. एका कडेला दोन इंच, दुसरीकडे शून्य, म्हणजे सरासरी एक इंच. २१६ चौरस फुटांना तो अर्धा घनमीटर होतो. एका घनमीटरला किती किलो फोम लागतो, ते त्यालाच विचारा आणि त्यावरून किलो काढा. ठोकताना सापडलेल्या पोकळ्या वेगळ्या. त्याचा आकडा याच्या तिप्पट असेल, तर कारण विचारा.

चांगला कारागीर पहिल्यांदा लेव्हल घेतो आणि आकडे कागदावर देतो. गटाराचे, पाण्याचे पाईप कुठून गेलेत ते विचारतो, कारण माल चेंबरमध्ये शिरला की गटार तुंबतं. खांबाला, जोत्याला चिकटलेली काँक्रीटची कड तो आधी कापून मोकळी करतो. मग या भोकातून थोडं, त्या भोकातून थोडं, असं मिलिमीटरच्या हिशेबानं वर आणतो. एकाच ठिकाणाहून दणक्यात उचलणारा माणूस काँक्रीट मोडून जाईल. जुन्या भेगा मात्र कुणीच नाहीशा करू शकत नाही. तसं आश्वासन देणाऱ्याला परत पाठवा.

काम भर मे महिन्यात करू नका. तेव्हा माती आकसून तळाला गेलेली असते आणि जुलैत फुगून तुमचं लेव्हल बिघडवते. दिवाळीनंतरचे दिवस बरे. पुन्हा बसल्यास गॅरंटीत काय मिळणार, हे बिलावरच लिहून घ्या. पोर्चचा उतार घरापासून बाहेर, दर चार फुटांना निदान अर्धा इंच राहील असं ठरवा. थोडी रक्कम पहिल्या मोठ्या पावसानंतर देण्याचं बोलून ठेवा. त्या पावसात जोत्याशी पाणी थांबतं का, ते स्वतः उभं राहून पाहा.