बलेनोचं इंजिन, एस्टीमची बॉडी : कॅम कोणता घ्यायचा?

प्रश्न : माझ्या २००६ च्या एस्टीममध्ये जुन्या बलेनो सेडानचं १.६ इंजिन बसवायचं काम सातपूरच्या एका गॅरेजमध्ये चालू आहे. हेड उतरवलंच आहे, तर आताच मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघड-बंद करणारा दांडा) टाकून घे, असं मित्र म्हणतात. त्यांनी २७२ अंशांचा सुचवलाय. गाडी रोज पंचवटी ते अंबड चालते आणि महिन्यातून दोनदा मुंबईला जाते. घेऊ का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : २७२ चा घेऊ नका. तुमची गाडी कोणत्या आरपीएमवर दिवस काढते, ते आधी पाहा. सकाळी द्वारकेच्या गर्दीत ती हजार ते अडीच हजारावर असते. कसारा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये अडीच ते चार हजार. पाच हजाराच्या वर ती दिवसातून किती सेकंद जाते, ते मोजून बघा. कॅम त्या सेकंदांसाठी घ्यायचा नसतो.

आता आकडे पाहू. कॅमचे अंश म्हणजे ड्युरेशन, क्रँक किती अंश फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो ते. समजा दोन कॅम आहेत, एक २५२ अंशांचा आणि दुसरा २७२ चा. दोन्हींत इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फुगवट्यांच्या) मध्यांमधलं अंतर ११० अंश आहे आणि दोन्ही ११० वर बसवलेत, म्हणजे पिस्टन वरच्या टोकावरून निघाल्यावर ११० अंशांनी इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो. निम्मी ड्युरेशन अधिक ११० वजा १८०, एवढं गणित केलं की इनटेक व्हॉल्व्ह कधी बंद होतो ते कळतं. २५२ चा कॅम तो पिस्टनच्या खालच्या टोकानंतर ५६ अंशांवर बंद करतो, २७२ चा ६६ वर. तोवर पिस्टन वर निघालेला असतो आणि कमी आरपीएमला भरलेल्या हवेतली काही हवा तो परत मॅनिफोल्डमध्ये (हवा आणणाऱ्या नळ्यांत) ढकलतो. हे दहा अंश तुम्हाला दुसऱ्या गिअरमध्ये पाय ठेवल्यावर जाणवतील : गाडी ओढणार नाही, मग अचानक चार हजाराला जागी होईल. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. इथं हवा मुळातच मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ, त्यात आणखी हवा परत ढकलणारा कॅम कशाला?

दुसरा आकडा ओव्हरलॅपचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा. २५२ मध्ये तो ३२ अंश येतो, २७२ मध्ये ५२. ओव्हरलॅप वाढला की आयडलला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम पडतो. ब्रेकचा बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो, म्हणून सिग्नलला दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं. मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) चालणाऱ्या ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, हा कमी व्हॅक्यूम म्हणजे इंजिनवर लोड आलाय असं वाटतं आणि तो पेट्रोल जास्त सोडतो. प्लग काळे पडतात, एसी लावला की गाडी बंद पडते. गॅरेजवाले मग आयडल वाढवून देतात. मूळ दोष तसाच राहतो.

तिसरी गोष्ट या इंजिनाच्या हाडाची आहे आणि आम्हाला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. बलेनोच्या १.६ चा बोअर ७५ मिमी आणि स्ट्रोक ९० मिमी. तुमच्या जुन्या १.३ चा स्ट्रोक ७५.५ होता. ६,५०० आरपीएमला या १.६ च्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १९.५ मीटर होतो, ७,५०० ला २२.५. जुन्या १.३ चा ७,५०० ला सुद्धा १९ च्या आतच राहायचा. २७२ चा कॅम ताकद वर नेऊन ठेवतो, आणि ती घ्यायला वर गेलात की कंपनीचे कनेक्टिंग रॉड, त्यांचे बोल्ट आणि व्हॉल्व्ह स्प्रिंग पणाला लागतात. हे इंजिन मुळात खालून ओढणारं आहे. त्याचा तोच गुण वाढवा.

तुमच्यासाठी २४८ ते २५६ अंश, लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो ते) कंपनीपेक्षा अर्धा ते एक मिमी जास्त आणि लोबमधलं अंतर ११० ते ११२. विकत घेताना ड्युरेशन कोणत्या लिफ्टला मोजली ते नक्की विचारा. एकच कॅम व्हॉल्व्ह बसल्या जागेवरून उठल्यापासून मोजला की २५२ भरतो आणि १ मिमी लिफ्टला मोजला की त्याहून बराच कमी. दोन कंपन्यांचे आकडे असे मिसळले की चुकीचा कॅम हातात येतो. लेखी कॅम कार्ड (कॅमच्या मापांचा कागद) मिळत नसेल तर तो कॅम सोडून द्या.

प्रश्न : अंबडला एक जण जुना कॅम ग्राइंड करून मोठा करून देतो. नव्यापेक्षा खूप स्वस्त पडतो. चालेल का?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : चालतो, पण तपासून. ग्राइंडिंगमध्ये धातू वाढत नाही, कमी होतो. लोबची लिफ्ट ०.६ मिमीने वाढवायची तर खालच्या गोल भागाची त्रिज्या तेवढीच घासावी लागते, म्हणजे व्यास १.२ मिमीने घटतो. रॉकर (लोबची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणारी दांडी) तेवढा खाली बसतो. स्क्रूचं टॅपेट असेल तर गॅप स्क्रूने भरून काढता येतो. तेलाच्या दाबाने आपोआप गॅप भरणाऱ्या हायड्रॉलिक टॅपेटची मात्र भरून काढायची मर्यादा संपली की टकटक सुरू होते.

रॉकर खाली गेला की त्याच्या पॅडवर लोब घासायची जागा सरकते. ती अशी बघा. पॅड पुसून कोरडा करा, त्यावर निळ्या मार्करने रंग द्या, गॅप लावा आणि क्रँक पान्याने हाताने दोन फेरे फिरवा. रॉकर काढून उजेडात धरा. रंग पुसल्याचा पट्टा पॅडच्या मधोमध हवा. तो कडेपर्यंत गेला असेल तर कड लोबला नांगरल्यासारखी खाणार, हे नक्की. असा कॅम परत करा.

ग्राइंडिंगनंतर लोबची कडकपणाची चाचणीही मागा, ५० एचआरसीच्या (कडकपणाचं रॉकवेल माप) आसपास हवी. चिल्ड कास्ट आयर्नच्या कॅमवर कडक थर वरच असतो, तो घासला गेला की खालचं मऊ लोखंड महिनाभरात गोल होतं. आणि जुने रॉकर आहेत तसेच नव्या लोबवर लावू नका. त्यांचे पॅडही घासून एकसारखे करून घ्या.

प्रश्न : कॅम बसवला, खुणाही जुळवल्या. तरी मेकॅनिक म्हणतो डिग्री लावून बघायला हवं. गरज आहे का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : तुमचा मेकॅनिक बरोबर आहे, त्याला वेळ द्या. हेड प्लेन करून थोडं उतरवलं असेल तर कॅम क्रँकच्या जवळ येतो आणि टायमिंग आपोआप मागे पडतं. पुलीच्या खुणेवर ते दिसत नाही.

क्रँकला डिग्री व्हील (अंश आखलेली तबकडी) लावा. प्लगच्या भोकातून स्टॉपर टाकून खरा टीडीसी (पिस्टनचं सगळ्यात वरचं टोक) काढा, डोळ्यांच्या अंदाजाने नको. डायल गेज इनटेक व्हॉल्व्हच्या रिटेनरवर उभा करा. पूर्ण लिफ्टच्या १.२५ मिमी आधी आणि १.२५ मिमी नंतर व्हीलवरचे अंश लिहून घ्या. समजा ७४ आणि १४८ आले, तर मध्य १११. कार्डवर १०८ असेल तर कॅम तीन अंश मागे आहे. व्हर्नियर पुलीने (अंशाअंशाने सरकवता येणारी कॅमची पुली) दुरुस्त करा. पुलीवरचा एक अंश क्रँकवर दोन होतो, हे विसरू नका. क्रँक चालत्या दिशेनेच फिरवा, उलटा फिरवला की बेल्टची ढील मापात येते. एकच कॅम असलेल्या इंजिनात पुलीने इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकत्र सरकतात.

त्याच बैठकीत पिस्टन-व्हॉल्व्ह अंतर बघा. पिस्टनवर व्हॉल्व्हच्या जागी पाच-सहा मिमी जाड प्लॅस्टिसिन थापा, व्हॉल्व्हला तेल लावा, जुनं दबलेलं गॅस्केट घालून हेड कसा, दोन फेरे हाताने फिरवा. अडकलं तर जोर लावू नका. हेड काढून प्लॅस्टिसिन ब्लेडने कापा आणि सगळ्यात पातळ जागा व्हर्नियर कॅलिपरने मोजा. इनटेकला किमान २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी. एक्झॉस्टला जास्त का, तर तो व्हॉल्व्ह तापून लांबतो आणि वर येणारा पिस्टन त्याचा पाठलाग करत असतो. स्प्रिंगही पूर्ण लिफ्टला दाबून बघा, कॉइल एकमेकींना टेकायला किमान दीड मिमी शिल्लक हवं.

पहिल्यांदा चालू करताना लोब आणि पॅडवर असेंब्ली पेस्ट लावा. प्लग काढून, इग्निशन आणि इंजेक्टर बंद ठेवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर द्या. इंजिन सुरू झालं की लगेच २,००० ते २,५०० वर न्या आणि वीस मिनिटं तिथंच वर-खाली ठेवा, आयडलला सोडू नका. आयडलला लोबवर तेल कमी उडतं आणि स्प्रिंगचा पूर्ण दाब लोबच्या नाकावर येतो. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदला. फिल्टर कापून बघा. चमचमती भुकटी दिसली तर गाडी रस्त्यावर काढू नका.

प्रश्न : पीयूसी आणि आरटीओचं काय?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : इंजिन बदलण्याआधीच पेठ रोडच्या आरटीओत अर्ज द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील बदलणारा फेरफार परवानगीशिवाय चालत नाही. बसवायच्या इंजिनाची खरेदीची पावती आणि इंजिन नंबर हातात असू द्या. पीयूसीला बीएस-२ आणि बीएस-३ पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएम ही मर्यादा आहे. तपासणी आयडलला होते आणि मोठ्या ओव्हरलॅपचा कॅम नेमका तिथंच न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून सोडतो. २५२ चा कॅम, नीट लावलेला गॅप आणि चालू कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर गाडी पास होते. गरम करून न्या, थंड गाडीला कन्व्हर्टर काम करत नाही.