जर्मनीत सहकुटुंब प्रवास: रेल्वे की मोटार?

आई-वडील आणि दोन मुले बरोबर असतील, तर शहरांमधला प्रवास रेल्वेनेच करावा आणि मोटार ब्लॅक फॉरेस्टसारख्या डोंगराळ जंगलाच्या भागापुरतीच भाड्याने घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. लांब पल्ल्याचे ‘श्पारप्राइस’ तिकीट लवकर काढल्यास पुष्कळ स्वस्त पडते, मात्र ते ठरलेल्या गाडीलाच चालते. गाड्यांना उशीर होतोच, म्हणून गाडी बदलताना निदान अर्धा तास हाताशी ठेवावा. सहा ते चौदा वर्षांची मुले मोठ्यांसोबत विनामूल्य जातात, पण तिकीट काढतानाच त्यांची नोंद करावी लागते. आसनाचे आरक्षण वेगळे असते. ज्येष्ठांसाठी तिथे काटकसर करू नये.

ऱ्हाईन नदी पाहायची असेल, तर फ्रँकफर्टहून कोलोनला बोगद्यांतून धावणारी वेगवान गाडी टाळून माइन्झ-कोब्लेन्झ हा डाव्या तीरावरचा मार्ग घ्यावा आणि उत्तरेकडे जाताना उजव्या खिडकीशी बसावे. बिंगेननंतर किल्ल्यांची रांगच लागते. म्युनिकहून नॉयश्वानस्टाइन किल्ल्याला जाताना त्याच्याजवळच्या फ्युसेन स्थानकापर्यंत ‘बायर्न तिकीट’ (बव्हेरिया राज्यातल्या प्रादेशिक गाड्यांचे एका दिवसाचे तिकीट) सोयीचे आहे. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येते, फक्त आठवड्याच्या कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतरच चालते.

मोटार घेणार असाल, तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातूनच काढून न्यावा. बारा वर्षांखालील आणि दीडशे सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना बालआसन सक्तीचे आहे. रविवारी बहुतेक दुकाने बंद असल्याने दूध-फळे शनिवारीच घेऊन ठेवावीत. अडलेच, तर मोठ्या स्थानकांतली दुकाने उघडी असतात.