सूट नेमकी कशावर? हिरेखरेदीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एका दुकानाची ‘हिऱ्यांवर 25 टक्के सूट, घडणावळ निम्मी’ अशी जाहिरात आहे. लेकीच्या साखरपुड्याची अंगठी तिथे घ्यावी का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : सोन्याचा भाव रोज जाहीर होतो आणि तो कोणालाही पडताळून पाहता येतो. हिऱ्याला असा एकच भाव नसतो. त्याची मूळ किंमत दुकानदारच ठरवतो, त्यामुळे त्या किमतीवर किती टक्के सूट दिली यावरून काहीच कळत नाही. समजा, एका दुकानात 80,000 रुपयांचा हिरा सूट वजा जाता 60,000 रुपयांना पडतो आणि त्याच वजनाचा, त्याच प्रतीचा हिरा दुसरी पेढी सूट न देता 57,000 रुपयांना देते, तर दुसरी पेढीच स्वस्त आहे. म्हणून किमान दोन ठिकाणांहून लेखी अंदाज घ्यावा, त्यात सोन्याची शुद्धता, निव्वळ वजन व त्या दिवसाचा भाव, हिऱ्याचे वजन व प्रत, घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी वेगवेगळे मांडून घ्यावे आणि तुलना शेवटच्या रकमेची करावी.

वजनाच्या रकान्यापाशी जरा थांबा. 1 कॅरेट म्हणजे 100 सेंट, म्हणजेच 0.2 ग्रॅम. अंगठी काट्यावर 4.200 ग्रॅम भरली आणि तिच्यात 50 सेंटचे हिरे असले, तर सोने 4.100 ग्रॅमच असते. बिलात 4.200 ग्रॅम सोने धरले असेल, तर हिऱ्यांचे पैसे देऊन वर त्यांच्या वजनाला सोन्याचा भावही तुम्ही मोजत आहात. रक्कम लहान असली, तरी अशी चूक दिसली की सगळे बिल पुन्हा तपासावे, असे मी आग्रहाने सांगेन. शिवाय 50 सेंटचा एकच खडा आणि फुलाच्या आकारात बसवलेले, मिळून 50 सेंट भरणारे सात खडे यांच्या किमतीत मोठे अंतर असते, कारण मोठा खडा दुर्मीळ असतो.

खरी बचत निवडीत आहे. 1 कॅरेटचा गोल हिरा सुमारे 6.5 मिलिमीटर व्यासाचा असतो आणि 90 सेंटचा साधारण 6.2 मिलिमीटर; बोटावर हा फरक जाणवत नाही, परंतु कॅरेटचा पूर्ण आकडा गाठताच भाव चढतो. पैसे कमी करायचे तर वजनात करा, पैलूंच्या घडणीत करू नका, कारण हिऱ्याची झळाळी मुख्यतः तिच्यावरच अवलंबून असते.

प्रश्न : दागिन्यावर हॉलमार्क आहे आणि दुकानाने स्वतःचे प्रमाणपत्रही दिले आहे. एवढे पुरेसे आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. हॉलमार्क आणि त्यासोबतचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, हे सोन्याच्या शुद्धतेपुरते आहेत. 750 हा आकडा 18 कॅरेट सोने दाखवतो, हिऱ्याविषयी काहीही सांगत नाही. विकणाऱ्यानेच दिलेले कार्ड ही त्रयस्थाची तपासणी नव्हे. मोठ्या खड्यासाठी जीआयए किंवा आयजीआयसारख्या स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल मागावा, त्याचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळावा आणि हिऱ्याच्या कडेवर लेसरने क्रमांक कोरलेला असल्यास तो दहापट भिंगातून दाखवायला सांगावे.

प्रश्न : यंत्र टेकवताच आवाज आला, म्हणून हिरा खरा आहे असे विक्रेता म्हणाला. हे पटण्यासारखे आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : साधे यंत्र खड्यातून उष्णता किती वेगाने वाहते एवढेच पाहते आणि मॉयसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा वेगळा खडाही त्या परीक्षेत उत्तीर्ण होऊ शकतो. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा तर रासायनिकदृष्ट्या हिराच असतो. तो खाणीतल्या हिऱ्यापासून वेगळा ओळखायला प्रयोगशाळेतील उपकरणेच लागतात. असा हिरा घेण्यात कमीपणा मुळीच नाही, मात्र त्याचे भाव गेल्या काही वर्षांत बरेच उतरले आहेत. म्हणून ‘नैसर्गिक’ की ‘लॅब-ग्रोन’ हे बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : ‘सवलतीचा माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी ग्राहकावर बंधनकारक असते का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : मन बदलले म्हणून दागिना परत घेण्याची सक्ती दुकानावर नाही. पण माल सदोष असेल, तर बिलात दिलेल्या मुदतीत आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत तो परत घेण्यास नकार देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणे हीदेखील तशीच प्रथा आहे. तक्रारीसाठी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर संपर्क साधता येईल. दागिना पुढे मोडायचा झाल्यास हिऱ्यांचे किती टक्के परत मिळतील, हे मात्र खरेदीच्या दिवशीच लेखी घ्यावे.