फ्यूजला डाख नको, पकड हवी

वेंगुर्ल्याच्या पंपघरात परवा किटकॅट फ्यूजची (तार बसवलेला, काढता-घालता येणारा) चिनीमाती काळी पडलेली दाखवलीस ना, तिथे तार कमी जाडीची नव्हती. कॉन्टॅक्ट सैल होता. सैल जोडात रोध वाढतो, जागा तापते, तापली की पितळी पत्तीचा ताण जातो आणि पकड आणखी सुटते. एचआरसी फ्यूजचंही (मोठा प्रवाह सुरक्षित तोडणारा बंद फ्यूज) तसंच. त्याची पाती होल्डरच्या जबड्यात निव्वळ स्प्रिंगच्या दाबावर बसते, डाखाचा, म्हणजे सोल्डरचा, तिथे संबंध नाही. बोटांनी सहज हलली, तर होल्डरच बदल.

आणि वायरच्या टोकाला डाख लावून स्क्रूखाली दाबू नकोस. मीही सुरुवातीला हौसेने लावायचो, चकचकीत दिसतं म्हणून! पण कथील-शिसं मऊ. दाबाखाली हळूहळू पसरतं, दोन-तीन महिन्यांत स्क्रू ढिला. शिवाय ६३-३७ डाख (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) १८३ अंशांना वितळतो. त्यापेक्षा तांब्याचा लग (वायरच्या टोकाला बसणारी टोपी) घे आणि योग्य मापाच्या क्रिंपिंग टूलने दाब. पक्कडने चेपलेला लग म्हणजे नसता ताप.

गंमत म्हणजे काही फ्यूजच्या आतल्या पट्टीवर कथिलाचा ठिपका मुद्दाम असतो. भार बराच वेळ जास्त राहिला की ते २३२ अंशांना वितळून तांबं खातं, आणि पट्टी तांबं वितळण्याच्या १०८५ अंशांची वाट न बघता तुटते.

आपल्याकडे खारा वारा. पावसाळ्याआधी मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून, प्रत्येक स्क्रू आवळ. हिरवट थर दिसला तर घासत बसू नकोस, टोक कापून नवा लग.