अमेरिकेतील ग्रामीण काउंटीत शेतकऱ्यांना सरकारी अनुदान नेमके कशावर मिळते?

आपण विचारले आहे की आयोवासारख्या राज्यातील काउंटीत (म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागात) मक्याला मिळणारे अनुदान प्रत्यक्ष पेऱ्यावर ठरते का. तसे ते ठरत नाही. २०१४ च्या कृषी कायद्याने सरसकट थेट रक्कम देणे बंद केले आणि शेतकऱ्यापुढे दोन मुख्य पर्याय ठेवले: बाजारभाव कायद्यातील संदर्भ किमतीखाली गेल्यास भरपाई, किंवा काउंटीचे त्या पिकाचे सरासरी एकरी उत्पन्न (उत्पादन गुणिले बाजारभाव) हमीपातळीखाली गेल्यास भरपाई. दोन्हींत रक्कम मोजली जाते ती जमिनीच्या नोंदीतील जुन्या 'आधार एकरां'वर, आणि तीही त्यांच्या ८५ टक्क्यांवरच. म्हणजे शंभर एकर मक्याची नोंद असलेल्या रानात यंदा सोयाबीन पेरले, तरी हिशेब पंच्याऐंशी एकर मक्याचाच होतो.

काउंटीच्या पर्यायातील खोच अशी की गारपिटीत एकट्याचे पीक गेले आणि बाकी काउंटीत बरे पिकून भावही टिकले, तर त्याच्या हाती काहीच लागत नाही. उलट काउंटीची सरासरी घसरली की उत्तम पीक काढलेल्यालाही पैसे मिळतात. स्वतःच्या नुकसानीसाठी पीकविमा वेगळा असतो आणि त्याच्या हप्त्याचा मोठा वाटा सरकार उचलते.

रोख खंडाने जमीन कसणाऱ्या कुळालाच ही रक्कम मिळते, मालकाला नाही. अर्थात पुढच्या करारात मालक खंड वाढवून तिचा काही भाग वसूल करू शकतो, हे मला या व्यवस्थेतील सर्वांत कमी चर्चिले गेलेले वास्तव वाटते.