शिबिर झाले, पुढे काय?

प्रश्न : आमच्या बचत गटाने गेल्या वर्षी गावात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे तपासणी शिबिर भरवले. पुढील तपासणी सांगितलेल्या काही जणी गेल्याच नाहीत आणि ऊसतोडीला गेलेल्या बायका तर सुटल्याच. यंदा आम्ही काय करावे?
– एक वाचक, कळंब तालुका, जि. धाराशिव

उत्तर : यंदा शिबिराऐवजी पाठपुरावा करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. ३० ते ६५ वयाच्या महिलांची दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी, असे केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या जेमतेम दोन टक्के महिलांची ती कधीतरी झाल्याचे आढळले. सौम्य ॲसिटिक आम्ल लावून केली जाणारी ही तपासणी प्रशिक्षित परिचारिकाही करू शकते, त्यामुळे ‘डॉक्टर नाहीत’ हे उत्तर ग्रामसभेत मान्य करू नये.

आपल्याच, तेव्हाच्या उस्मानाबाद, जिल्ह्यात सुमारे १,३०,००० महिलांचा जो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळे (म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या चाचणीमुळे) या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झालेले दिसले. मात्र तेथे दोष आढळलेल्या महिलेच्या निदानाची व उपचारांची सोय आधीच केलेली होती; शिबिरांत नेमकी हीच बाजू लंगडी असते. म्हणून पुढे पाठवलेली प्रत्येक महिला कोठे पोहोचली, हे आशाताई व आरोग्यसेविकेकडे नियमित विचारावे, हवे तर तिच्यासोबत जावे. तिचे नाव मात्र चावडीवर जाऊ देऊ नये, नाहीतर पुढच्या खेपेस कोणीच येणार नाही.

ऊसतोड महिला दिवाळीच्या सुमारास जातात व गुढीपाडव्याच्या आसपास परततात, म्हणून तपासणीचे दिवस उन्हाळ्यात व पावसाळ्यात ठेवण्याची लेखी मागणी करावी. त्यांच्या बाबतीत आणखी एक दक्षता हवी : बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले, तेव्हा कर्करोगाची भीती घातल्याचे अनेकींनी सांगितले होते. तपासणीत आम्ल लावल्यावर पांढरा डाग दिसला म्हणजे कर्करोग झालाच असे नव्हे आणि कर्करोगपूर्व बदलांवर बहुतेक वेळा गर्भाशय न काढताही उपचार होतात, हे त्यांना आधीच सांगावे.

उपचारांच्या खर्चासाठी राज्य सरकारची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेशी संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटताना शिधापत्रिका व ओळखपत्र जवळ असावे.